चोवीस बाण

माझी बहीण कापड कापायची. शिवायची नाही, कापायची. एरवी मोजकं बोलणारी ताई हा फरक सांगताना मात्र हात आखडता घ्यायची नाही. "शिवलेलं उसवता येतं," ती म्हणायची, "कापलेलं काय करणार?"

गणवेश तयार करणाऱ्या एका कारखान्यात तळमजल्यावर तिचं टेबल होतं. टेबल कसलं, वीस पावलं लांब फळीच ती. तिच्यावर कापडाचे चाळीस थर अंथरले जायचे, सगळ्यात वर कागदी नमुना, आणि मग ताई उभ्या पात्याचं कापायचं यंत्र धरून नमुन्याच्या रेघेवरून चालत जायची. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा, उजवा उघडा. समोर एक बाई कापड ताणून धरायची. तिची बोटं पात्यापासून चार इंचांवर. हात बोटभर सरकला तर चाळीस बाह्या एकदम वाया. सव्वीस वर्षांत ताईच्या हातून अशा बाह्या किती वेळा वाया गेल्या हे कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं, कारण ते एकदाच झालं होतं आणि त्या दिवशी वीज जाऊन झटक्यात परत आली होती.

बाईमाणूस असून तिला सगळे मास्तर म्हणत. मालकीणबाईसुद्धा. नवा कुणी आला की 'मास्तर कुठे आहेत' म्हणून एखाद्या मिशीवाल्याला शोधत फिरायचा आणि काजं करणाऱ्या बायका त्याला मुद्दाम वरच्या मजल्यावर दोन चकरा मारायला लावायच्या.

तिचं लग्न राहून गेलं. आईच्या आजारपणामुळे राहिलं, असं नातेवाईक म्हणत. ताई म्हणायची, "आईच्या नावावर कशाला खपवता? मला कुणी पसंत पडलं नाही, एवढंच." पण आईचं केलं तिनंच, हेही खरं. आईला कंपवात होता. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू झाला आणि नऊ वर्षांत सगळं अंग घेऊन गेला. शेवटच्या दोन वर्षांत चमचा तोंडापर्यंत पोचत नव्हता. ताई सकाळी भरवून कामावर जायची, दुपारी येऊन भरवायची, संध्याकाळी पुन्हा.

घरात एकाला झालं म्हणजे दुसऱ्याला होतंच असं नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. मी ते वाक्य पूर्ण ऐकलं. ताईनं त्यातलं 'असं नाही' ऐकलंच नसावं. रोज सकाळी चहा निवेपर्यंत ती उजवा हात मांडीवर सैल सोडून बसायची आणि अंगठ्याकडे पाहायची. कपावर साय धरली की उठायची. तो दिवस तिला मिळालेला असायचा.

आई गेल्यावर तिचे रविवार मोकळे पडले. मी चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहतो. वीजमीटर तयार होतात तिथं तपासणीच्या खोलीत काम करतो. दर रविवारी जाणं जमण्यासारखं नव्हतं. मी तेव्हा एक ऑनलाइन खेळ खेळायचो. पाच-पाच जणांची टोळी, प्रत्येकाचं एक पात्र, आपापल्या घरून खेळायचं आणि कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायचं. तो मी ताईच्या संगणकावर घालून दिला. मला वाटलं होतं, दोन रविवार माझ्या समाधानासाठी खेळेल. तिनं धनुष्यबाणवाली निवडली आणि महिन्याभरात टोळीतल्या तिघा जुन्या खेळाडूंना मागं टाकलं.

"मास्तर, ही कला कुठे शिकलात?" टोळीतला ढाल विचारायचा. ढाल म्हणजे शत्रूचे घाव अंगावर घेणारा. खऱ्या आयुष्यात तो शाळेची बस चालवायचा आणि म्हणायचा, दोन्ही कामं सारखीच आहेत.

"रेघ दिसली की हात आपोआप जातो," ताई सांगायची.

"मग त्या राक्षसाचं माप घ्या एकदा. कफनीचं."

चारच्या ठोक्याला सगळे जमायचे. आठवड्यातला तेवढा दीड तास ताई खळखळून हसायची. मला ते हेडफोनमधून ऐकू यायचं, आणि आमच्या लहानपणानंतर ते हसू मी ऐकलंच नव्हतं हे प्रत्येक वेळी नव्यानं लक्षात यायचं.

ज्या शत्रूवरून पुढचं सगळं घडलं त्याचं नाव काळा लोहार. आठवड्यातून एकदाच त्याच्याशी लढता यायचं. हरलो की पुढच्या रविवारपर्यंत गप्प. त्याच्या अंगावर चिलखत. दर दोन मिनिटांनी ते बारा सेकंद उघडायचं. तिसऱ्यांदा उघडूनही तो मेला नाही तर त्याचा घण खाली यायचा आणि पाचही जण एकदम संपायचे. म्हणजे त्या शेवटच्या बारा सेकंदांत ज्याच्याजवळ जे आहे ते सगळं ओतायचं. याला आम्ही बर्स्ट म्हणतो. बर्स्टचा निम्मा भार ताईवर. बारा सेकंदांत तिचे सहा मोठे बाण, दर दोन सेकंदांनी एक. कळ जरा उशिरा दाबली गेली की सहावा बाण सुटायच्या आत चिलखत मिटायचं.

आता यात नशीब कुठे येतं? प्रत्येक बाण लागताना खेळ आतल्या आत एक सोडत काढतो. शंभरातल्या सत्तर वेळा बाण साधा लागतो. ताईचा साधा बाण दहा हजारांचा. तीस वेळा तो क्रिट लागतो, म्हणजे वर्मी लागतो, आणि त्याच बाणाचे पंचवीस हजार होतात. पडद्यावर पिवळा, ठसठशीत आकडा उमटतो. त्यात खेळणाऱ्याचं कौशल्य काडीचं नसतं. लांबच्या लढाईत हे नशीब निवतं. हजार बाण मारले तर तीनशेच्या आसपास वर्मी लागणारच, दहा इकडे, दहा तिकडे. पण सहा बाणांत नशिबाला निवायला जागाच नसते. चार वर्मी लागले तर एक लाख वीस हजार. एकही नाही लागला तर साठ हजार. हात तोच, वेळ तीच, बाण सहाच. हे मला ठाऊक होतं. टोळीतल्या नव्या माणसाला हे समजावून सांगायचं काम माझंच होतं.

एका महिन्यात आम्ही लोहाराला चारही रविवारी मारलं. ताईच्या शेवटच्या बारा सेकंदांची सरासरी एक लाख पाच हजार आली. पडद्यावर पिवळ्या आकड्यांचा सडा. ढाल म्हणाला, "मास्तर, आता आम्ही चहा घेऊन येतो. तुम्ही आटपा."

पुढच्या महिन्यात आम्ही चारही वेळा हरलो. प्रत्येक वेळी थोडक्यासाठी. लढाई संपली की एक तक्ता दिसतो: प्रत्येकाच्या नावापुढे रंगीत पट्टी आणि एकूण आकडा. ताईची पट्टी आखडली होती. चार रविवारांची सरासरी एकाहत्तर हजार.

"मास्तर, कात्रीला धार लावा," ढाल म्हणाला. नेहमीसारखाच म्हणाला.

ताई हसली. मी हसलो नाही. मी त्या पट्टीकडे पाहत होतो आणि मला आईचा अंगठा दिसत होता.

मधल्या एका सुट्टीला मी ताईकडे जाऊन आलो होतो. तिनं कप खाली ठेवला तेव्हा बशी वाजली होती. बशी सगळ्यांचीच वाजते. पण एक लाख पाचावरून एकाहत्तर, हे मनात घेऊन बसलेल्या माणसाला ती वेगळी ऐकू येते.

सोमवारी संध्याकाळी मी फोन केला.

"ताई, तुझे आकडे पडलेत."

"कुठे? उचलून ठेव."

"चेष्टा नाही करत. तिसऱ्या हिश्शानं पडलेत. एका महिन्यात."

"क्रिट लागत नाहीत रे, धाकल्या. मागच्या महिन्यात भरभरून लागत होते, तेव्हा नाही कुणी फोन केला."

किती बरोबर बोलली होती ती! मी म्हणालो, "एखाद्या रविवारी नशीब म्हणता येतं. चार रविवारी?"

पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातला नळ वाहत होता. तो बंद झाला.

"तुला काय म्हणायचंय?"

"कळ उशिरा दाबली जात असेल. तुझ्या लक्षात येत नसेल. आईच्याही येत नव्हतं."

हे मी म्हणालो. हात कसा वाटतो, असं विचारलं नाही. तिला तिच्या हाताबद्दल सांगितलं.

तिनं नळ पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. मग म्हणाली, "आईच्या वेळीही तुलाच आधी दिसलं होतं. मी रोज तिच्या शेजारी, आणि मला दिसलं नाही. तू दोन दिवसांसाठी आलास आणि म्हणालास, आईचा अंगठा बघ."

"डॉक्टरांना दाखवून ये."

"ते पहिलं वर्षभर थकवा म्हणत होते. तू नव्हतास म्हणत."

त्यानंतर तिनं विषय बदलला. माझ्या खोकल्याचं विचारलं.

पुढच्या रविवारी ती खेळायला आली नाही. ते मी गृहीत धरलं होतं. जे धरलं नव्हतं ते मला दहा दिवसांनी कळलं. शुक्रवारी काम संपल्यावर ती मालकीणबाईंच्या खोलीत गेली आणि टेबल सोडते म्हणाली. मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. "मास्तर, काय कमी पडलं?" त्यांना वाटलं, दुसऱ्या कारखान्यानं बोलावलं. ताईनं कारण सांगितलं नाही. मला मात्र सांगितलं. "समोर कापड धरते तिची बोटं चार इंचांवर असतात, धाकल्या. तिची लेक यंदा शाळेत जायला लागली. मी कशाच्या भरवशावर पातं चालवू?"

टेबलावर कापायला नवा माणूस आला, कटर. ताई वरच्या मजल्यावर गेली, तयार शर्टांच्या घड्या घालायला. काजवाल्या बायका तिला मास्तरच म्हणत राहिल्या, पण आता तिच्यासमोर म्हणताना जरा थांबून म्हणत. नव्या कटरच्या पहिल्याच आठवड्यात दोन थप्प्या वाया गेल्याचं कुणीतरी वर येऊन सांगितलं. ताई म्हणाली, "होतं सुरुवातीला." आणि घडी घालत राहिली. घडीला हात लागतो, पण हाताचं काम लागत नाही, असं ती मला एकदा म्हणाली. मी त्यावर काय बोललो आठवत नाही. काहीतरी धीराचं बोललो असेन. मनातून मला बरं वाटत होतं. वेळेवर ओळखलं, असं वाटत होतं.

असे जवळजवळ सहा महिने गेले.

ताईचा हात आता चालत नाही एवढंच मी टोळीत सांगितलं होतं, आणि तिच्या जागी एक औषधाच्या दुकानातला गृहस्थ आला. हुशार, तरणाताठा. एका रविवारी लोहाराचं चिलखत तिसऱ्यांदा उघडलं, त्यानं सहा बाण मारले, सहाही साधे लागले, साठ हजार, आणि घण खाली आला.

"अरेरे," ढाल म्हणाला. "यांचाही हात गेला की काय?"

सगळे हसले. औषधवाला म्हणाला, "हात कसला जातोय? सहा बाण मारले, सहा लागले, मोजून घ्या. एक क्रिट पडला नाही त्याला मी काय करू?"

मोजून घ्या.

मी हेडफोन काढून ठेवला. त्यातून बारीक आवाजात ढाल माझं नाव घेऊन हाका मारत होता.

प्रत्येक लढाईची नोंद खेळ ठेवतो. पट्ट्यांच्या तक्त्यामागे एक लांबलचक यादी असते: कुठला बाण, कितव्या सेकंदाला सुटला, साधा की वर्मी. ती कुणी वाचत नाही. टोळीचा म्होरक्या पट्टी पाहतो, आकडा पाहतो आणि बोलतो. मीही तेच केलं होतं. कारखान्यात मी पेटीतले चार मीटर पाहून अख्खी पेटी परत पाठवली तर साहेब मला घरी पाठवेल. आणि मीटर तरी मी उघडून पाहतो, नुसता काटा पाहत नाही.

हरलेल्या त्या चार रविवारांच्या याद्या काढल्या. पहिला रविवार: सहा बाण. दुसरा: सहा. तिसरा: सहा. चौथा: सहा. एकही राहिलेला नव्हता. हात जात असता तर सहावा बाण बसलाच नसता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वेळा पाहिल्या. दोन सेकंदांच्या अंतरात इकडचातिकडचा फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. मग जिंकलेल्या महिन्याच्या काढल्या. तोच फरक. त्या महिन्यात चोविसातले बारा वर्मी लागले होते, पुढच्यात तीन. एवढंच. दैवानं उधळलेल्या एका महिन्याशी मी दैवानं आखडलेला एक महिना ताडून पाहिला होता आणि मधलं अंतर माझ्या बहिणीच्या हातावर लिहिलं होतं.

मी सगळ्या याद्या कागदावर छापून घेतल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळची गाडी धरली. वाटेत मी स्वतःशी बोलत होतो. मालकीणबाईंना मी भेटेन. ताईला टेबल परत मिळेल. नव्या कटरबद्दल तक्रारी आहेतच. शिव्या खाईन. ताईच्या शिव्या तशाही सौम्य असतात.

ती घरीच होती. कामाच्या दिवशी घरी का, हे मला विचारायलाही सुचलं नाही. दारातच सुरू झालो. बूटसुद्धा काढले नव्हते.

"ताई, मी चुकलो. तुझा हात ठणठणीत होता. चोविसातले चोवीस बाण वेळेवर सुटलेत. हे बघ, छापून आणलंय. क्रिट तेवढे कमी लागले. तू म्हणत होतीस तेच."

ती ऐकत होती. मला खुर्ची दाखवली, स्वतः समोर बसली. मी आणखीही पुष्कळ बोललो. सोडत, शंभरात तीस, सरासरी. लांबच्या लढाईत काय होतं आणि सहा बाणांत काय होतं.

"म्हणजे तेव्हा नव्हतं," मी थांबल्यावर ती म्हणाली.

"नव्हतंच."

"नक्की?"

"यादीच आहे."

तिनं ओढणीखालचा उजवा हात काढून टेबलावर ठेवला. सैल सोडला. मी पाहिलं. अंगठा तर्जनीवर हलत होता, काहीतरी बारीक वळत असल्यासारखा. वाती वळतात तसा. आईचा वळायचा, तसा.

"तीन आठवडे झाले," ताई म्हणाली. "या वेळी मलाच आधी दिसलं. डॉक्टरांनी चालून दाखवायला लावलं, बोटं आपटायला लावली. गोळ्या दिल्यात, त्यांनी गरगरतं म्हणून आज गेले नाही. तुला रविवारी सांगणार होते."

मला वाटलं, ती रडेल. मग वाटलं, ओरडेल. तसं झालं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं.

"पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने अजून कापता आलं असतं मला."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. ती घसरली, त्यानं पुन्हा टेकवली. मी कागदांच्या कडा जुळवत होतो. जुळलेल्याच होत्या.

"वाच," ताई म्हणाली.

"काय?"

"तेच. यादी. मला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि उठायचा कंटाळा आलाय."

मी वाचलं. पहिला बाण, सेकंदाचा एक दशांश. दुसरा, दोन पूर्णांक एक दशांश. तिसरा, चार पूर्णांक एक. ती डोळे मिटून ऐकत होती. प्रत्येक बाणाला डाव्या हाताची तर्जनी टेबलावर अलगद टेकत होती. एक रविवार संपला की म्हणायची, पुढचा. साधा की वर्मी, हे मी पहिल्या रविवारी सांगत होतो. तिनं हात हलवला. "ते नको. ते माझं नाही. वेळ तेवढी सांग."

चोविसावा वाचून झाला. तिनं डोळे उघडले.

"चल."

"कुठे?"

"कारखान्यात. मालकीणबाई आत्ता जागेवर असतील. त्यांना वाटतं, मी मन उठलं म्हणून टेबल सोडलं. बायकांना वाटतं, कुणाशी तरी बिनसलं. नाहीतर मग आता कळल्यावर म्हणतील, मास्तरांचा हात तेव्हापासूनच गेलेला, आपल्याला काही बोलल्या नाहीत, त्या वर्षी कापलेलं सगळं एकदा तपासून घ्या." ती उठली. "तू सांग त्यांना. तेव्हा हात चांगला होता म्हणून."

"त्यांना बाणांचं काय कळणार, ताई?"

"नाही कळणार. तरी सांग."

दारात तिनं चपला पायात सरकवल्या आणि पट्टा लावायला वाकली. पट्टा कडीतून जाईना. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ती तशीच वाकून राहिली. मी हातातले कागद काखेत मारले आणि खाली बसून पट्टा लावला. मग दुसऱ्या पायाचा.

"आकडे नीट सांग हं," ती वरून म्हणाली. "चोविसातले चोवीस म्हण. नेहमीसारखं जवळजवळ सगळे, असं म्हणू नकोस."

"नाही म्हणणार," मी म्हणालो.